आवाज बाबांचा, नाव कोणाचे?

गेल्या चतुर्थीच्या आधी एका कामासाठी डिचोलीला गेलो होतो. काम लवकर आटोपले. म्हापशाच्या बसला अवकाश होता, म्हणून जवळच्या एका चहाच्या गाड्यावर टेकलो. गाड्यावरच्या पोराने मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यातून भजन चालले होते. पहिल्या दोन ओळी नुसत्याच कानावरून गेल्या. तिसऱ्या ओळीला बुवांनी वरचा सूर घेतला आणि खाली उतरताना आवाज किंचित घोगरा झाला. माझ्या हातातला पेला तसाच राहिला. तो आवाज माझ्या बाबांचा होता. बाबांना जाऊन चार वर्षे झाली.

"हें कोण गायता रे?" मी विचारले.

"कोण जाणा काका. भजन म्हणून सोदलें, हें मेळ्ळें."

त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर विठ्ठलाचे चित्र, खाली 'पारंपरिक भजने' आणि गायकाच्या जागी 'विविध कलाकार'. एवढेच. हे माझे वडील आहेत, असे त्या पोराला सांगावेसे वाटले, पण सांगितले नाही. दाखवायला पुरावा तरी काय होता?

बाबा पेडण्यात प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि संध्याकाळी भजनी मंडळाचे बुवा. 1991 साली मुंबईच्या एका छोट्या कंपनीच्या माणसाने त्यांचे भजन एका जत्रेत ऐकले आणि कॅसेट काढायचे ठरवले. सगळे ध्वनिमुद्रण एका दिवसात झाले. सगळ्यांचे मिळून 1,500 रुपये मिळाले. बाबांना 700, पखवाजवाल्या काकांना 300, पेटीवाल्यांना 300 आणि दोघा टाळकऱ्यांना शंभर-शंभर. एका कागदावर बाबांनी सही केली. त्यात काय लिहिले होते ते त्यांनी वाचले की नाही, देव जाणे. वर दहा कॅसेटी फुकट मिळाल्या, त्याचाच घरात आनंद जास्त.

त्या कॅसेटीचे पुढे एक पैसाही आला नाही आणि कोणी वाटही पाहिली नाही. पण एक गोष्ट झाली. कॅसेटीच्या वेष्टनावर पाचही जणांची नावे होती आणि खाली 'पेडणे, गोवा' असे छापले होते. कोणीतरी जत्रेतल्या गाड्यावरून ती कॅसेट घेई, घरी लावी, वेष्टन उलटून नाव वाची, आणि चार महिन्यांनी बांद्याहून, सावंतवाडीहून, दोडामार्गाहून निरोप येई की सप्ताहाला बुवांना पाठवा. बिदागीचे पाकीट, नारळ, कधी शाल. शिक्षकाच्या पगारात चार मुलांचे भागवताना त्या पाकिटांचा केवढा आधार होता, ते आईला विचारा. म्हणजे कॅसेटीने पैसे दिले नाहीत, पण कॅसेटीवरच्या नावाने दिले.

आज मोबाईलवर गाणे ऐकण्याची सोय झाली, तिचा हिशोब मी भाच्याकडून समजून घेतला. वर्गणीचे आणि जाहिरातींचे पैसे एका मोठ्या हंड्यात जमा होतात. महिनाभरात सगळ्या गाण्यांचे जेवढे ऐकणे झाले, त्यात आपल्या गाण्याचा वाटा जेवढा, तेवढा पैसा त्या गाण्याच्या मालकाला. मालक म्हणजे बहुतेक वेळा कंपनी. कलाकाराला काय द्यायचे, ते कंपनीशी झालेल्या करारावर. म्हणजे आपण महिनाभर फक्त आपल्या गावच्या बुवांचे भजन ऐकले, तरी आपली वर्गणी त्याच हंड्यात जाते आणि तिचा मोठा भाग कोट्यवधी वेळा वाजणाऱ्या गाण्यांकडे वळतो. स्पॉटिफायने तर 2024 पासून असा नियम केला आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे किमान 1,000 वेळा ऐकले गेले नसेल, तर ध्वनिमुद्रणापोटी त्याला काहीच मिळत नाही. आमच्या तालुक्यातल्या भजनी बुवांनी हजाराचा आकडा कुठून आणायचा?

अर्थात पैशांबाबत फार रडण्यात अर्थ नाही. कॅसेटीतही नव्हते, आताही नाहीत. उलट ज्या तरुण मुलांना स्वतःचे गाणे स्वतःच लोकांपुढे ठेवता येते, त्यांना कंपनीच्या दारात उभे राहावे लागत नाही, हे चांगलेच झाले. माझी खंत निराळी आहे. वेष्टन गेले, आणि वेष्टनाबरोबर नाव गेले. चहाच्या गाड्यावरच्या त्या पोराला भजन आवडले होते. पण त्याच्या गावच्या सप्ताहाला कोणाला बोलवायचे, हे त्या पडद्यावरून त्याला कधीच कळणार नाही.

आपल्या परंपरेत नावाला केवढे महत्त्व! अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' अशी संतांची सही असते. साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली तरी तुकोबांचे नाव गाण्यातून गळून पडलेले नाही, कारण ते गाण्यातच विणलेले आहे. गवई मंडळी गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. आमच्या पेडणे तालुक्यातल्या मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर घ्या. 1958 साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांचे गाणे तबकड्यांपेक्षा शिष्यांतून पुढे गेले. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांच्यासारख्यांनी त्यांच्याकडून विद्या घेतली आणि त्यांचे नावही सांगितले. म्हणून मालपे हे नाव आज संगीताच्या इतिहासात आहे.

यंत्रालाही सुरुवातीला नावाची गरज होती. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत. तिथल्या कारागिरांना कोण गाते ते कळावे, म्हणून गाणे संपल्यावर बाई स्वतःचे नाव इंग्रजीतून सांगत. आणि 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. साडेतीन मिनिटांची. ती तबकडी कोणाच्या हाती लागेल की नाही कोण जाणे, पण आत कोण गाते याची नोंद करून ठेवली आहे. सूर्यमालेबाहेर जाणाऱ्या गाण्याला नाव आहे, आणि डिचोलीच्या चहाच्या गाड्यावरच्या गाण्याला नाही.

घरी आल्यावर माळ्यावरून जुनी कॅसेट काढली. पावसाळी हवेने फितीवर पांढरे डाग पडले होते. शेजाऱ्यांचा जुना टेप मिळवला, पेन्सिल घालून फीत सारखी केली आणि लावली. पहिल्या अभंगाआधी बाबांचा बोलण्यातला आवाज आला. त्यांनी पखवाजाला कोण, पेटीला कोण, टाळांना कोण, अशी सगळ्यांची नावे घेतली होती आणि मग सूर धरला होता. मोबाईलवरच्या गाण्यात तेवढाच भाग कापला होता. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि संपेपर्यंत उभीच राहिली.

मग जरा कायदाही वाचला. आपल्याकडे कलावंताच्या सादरीकरणाचे हक्क 1994 च्या दुरुस्तीने कायद्यात आले. कलावंत म्हणजे कोण, याची यादी त्यात आहे. गायक, वादक तर आहेतच, पण कसरतपटू आणि गारुडीही आहे! 2012 च्या दुरुस्तीने कलावंत म्हणून आपली ओळख सांगितली जावी हा हक्क दिला, आणि सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर मानधनाचा वाटाही मान्य केला. गायकांचे मानधन गोळा करण्यासाठी 2013 मध्ये गायकांची संस्थाही उभी राहिली. आपल्या मंगेशीच्या दीनानाथांची कन्या लतादीदी साठच्या दशकातच गायकाला गाण्याच्या विक्रीतला वाटा हवा म्हणून भांडल्या होत्या, त्यावरून रफीसाहेबांशी अबोलाही झाला होता. पण या सगळ्याला पहिली अट एकच. तुम्ही गायलात किंवा वाजवलेत, हे कुठेतरी लिहिलेले हवे. आमचे 1991 चे ध्वनिमुद्रण, सही केलेला तो कागद हरवलेला. कॅसेटीवरचा कंपनीचा फोन लागत नाही. पत्र पाठवले, उत्तर नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा डिचोली गाठली, पखवाजवाल्या काकांकडे. वय ऐंशीच्या पुढे, बोटे आता वळत नाहीत. त्यांना गाड्यावरचा प्रकार सांगितला. कॅसेट ऐकवली. बाबांनी त्यांचे नाव घेतले तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू कोणी समोरून हाक मारली होती. मी म्हणालो, "काका, वकिलाला विचारतो, काही पैसे मिळतात का बघू." ते हसले.

"पयशे सोड रे पुता. कोणें वाजयलें तें तरी बरय."

त्या दुपारी आम्ही दोघे वही घेऊन बसलो. कंपनीच्या कॅसेटीशिवाय घरी सप्ताहांच्या सात टेप आहेत, गावातल्याच कोणीतरी भरलेल्या. एकेक लावत गेलो. कोणत्या देवळातले, अंदाजे कोणते वर्ष, बुवा कोण, पेटी कोणाची, टाळ कोणाचे. काही नावे काकांना आवाजावरून आठवली, काही पखवाजाच्या थापेवरून. दोन टाळकऱ्यांची नावे काही केल्या आठवली नाहीत. त्यांच्यापुढे जागा रिकामी ठेवली आहे. भाचा आता या टेप मोबाईलवर चढवणार आहे, पण आधी त्या-त्या घरी विचारून, आणि नावे सांगणारा भाग न कापता.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर अशा कॅसेटी असतील. मोबाईलमध्ये दशावताराची, भजनाची चित्रीकरणे तर रोजच येतात आणि पुढे जातात. पुढे पाठवताना खाली दोन ओळी लिहा. पायपेटीवर कोण, मृदंगावर कोण, गाव कोणते. त्याने कोणी श्रीमंत होणार नाही. पण पुढच्या जत्रेचे बोलावणे योग्य घरी पोचेल.

त्या दोन टाळकऱ्यांची चौकशी अजून चालू आहे. एक कोरगावचे असावेत, असे काका म्हणतात.