बोललास, पण दिसलास का?

चि. ओंकार,



तुझा सोलो, म्हणजे पहिलं एकट्याचं उड्डाण, झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं आणि प्रथेप्रमाणे शर्टाची पाठ कापून भिंतीवर लावल्याचा फोटोही पाठवला. फार आनंद झाला. पण त्याच फोनवर वहिनीने विचारलं, "ओंकार ॲरिझोनात शिकतोय तिथे म्हणे टॉवरच नाही. मग विमानं एकमेकांवर आदळत नाहीत का गं?" दादाला लगेच चरखी दादरी आठवलं. १२ नोव्हेंबर १९९६, दोन विमानांची हवेतली टक्कर, ३४९ माणसं. ते विमानतळावरच्या नियंत्रकांच्या देखरेखीखाली घडलं होतं, हे मी त्याला सांगितलं, पण त्याने कुणाला धीर येत नाही. वहिनीचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर तुझ्याकडे असायला हवं, म्हणून लिहायला बसले. पत्र घरीही वाचलं जाईल, तेव्हा तुला ठाऊक असलेलंही थोडं लिहिते.

अमेरिकेत सगळ्यांना खुले असलेले विमानतळ पाच हजारांच्या आसपास आहेत आणि टॉवर जेमतेम पाचशेंवर. बाकी सगळीकडे वैमानिक एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत आणि काय करणार ते बोलत राहतात, आणि धावपट्टीभोवती साधारण हजार फुटांवरून, सहसा डावीकडे वळणं घेत, चौकोनी फेरी, म्हणजे पॅटर्न, मारून उतरतात. "या" किंवा "थांबा" म्हणणारं कुणी नसतं. अशा बहुतेक ठिकाणी विमानात रेडिओ असण्याचीही सक्ती नाही. तरी हे रोज सुरळीत चालतं, कारण पुढचा माणूस काय करणार याचा प्रत्येकाला अंदाज असतो. तो अंदाज चुकतो तिथे घात होतो.

चरखी दादरीनंतर बरोबर एका आठवड्याने, १९ नोव्हेंबरला, इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी इथे जे झालं ते तू नीट समजून घे. ती टक्कर हवेतली नव्हती, जमिनीवरची होती, पण टॉवर नसलेल्या ठिकाणी रेडिओ कसा फसवतो हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. संध्याकाळची वेळ. प्रवासी घेऊन येणारं बीचक्राफ्ट १९०० एका धावपट्टीवर उतरत होतं. तिला छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाला एक किंग एअर उभं होतं आणि त्याच्या मागे एक छोटं चेरोकी. बीचक्राफ्टच्या वैमानिकांनी आपली जागा पुन्हा पुन्हा सांगितली होती. शेवटी त्यांनी सरळ विचारलं, की तुम्ही थांबताय की उडताय? किंग एअरकडून उत्तर आलंच नाही. उत्तर दिलं मागच्या चेरोकीने, की मी उड्डाणासाठी थांबलोय, किंग एअरच्या मागे. नेमकं त्याच क्षणी बीचक्राफ्टच्या कॉकपिटमध्ये उंची सांगणारा यांत्रिक आवाज बोलला आणि मधले शब्द त्यात बुडाले. वैमानिकांच्या कानावर "थांबलोय" आणि "किंग एअर" एवढंच पडलं. किंग एअरच थांबतंय असं समजून त्यांनी आभार मानले आणि ते उतरले. गैरसमज झालाय हे कुणी सांगितलं नाही. किंग एअर निघालं, आणि जिथे धावपट्ट्या छेदतात तिथे दोन्ही विमानं आदळली. दोन्हीतली मिळून १४ माणसं गेली. मदतीला धावलेल्यांना बीचक्राफ्टचं दार उघडता आलं नाही.

तपासात मुख्य ठपका किंग एअरच्या वैमानिकांवर आला, कारण त्यांनी रेडिओ नीट ऐकला नाही आणि डोळेही वापरले नाहीत. ते बरोबरच आहे. पण मला ते आभाराचं वाक्य जास्त चटका लावतं. चुकीच्या विमानाचं उत्तर खरं मानून ते म्हटलं गेलं होतं. ज्याच्याशी बोलतोयस तो तोच आहे का, हे डोळ्यांनी पटेपर्यंत उत्तर आलं असं धरू नकोस.

आता हवेतली टक्कर, वॉटसनव्हिलची. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागराजवळचं, स्ट्रॉबेरीच्या शेतांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. १८ ऑगस्ट २०२२ ला तिथे एक सेसना १५२, म्हणजे तुझ्यासारखे शिकाऊ उडवतात तसलं दोन सीटचं विमान, पॅटर्नमध्ये फिरत होतं. दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ धावपट्टीच्या रोखाने येत होतं. दोघंही रेडिओवर बोलत होते, एकमेकांना ऐकतही होते. फरक होता वेगाचा. मोठं विमान सुमारे १८० नॉट वेगाने येत होतं. हिशेब करून बघ: त्या वेगाने "तीन मैल फायनल", म्हणजे धावपट्टीच्या रोखाने तीन मैलांवर, असं म्हटलं की धावपट्टीपर्यंत एकच मिनिट उरतं. छोटं विमान त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने बेसवरून, म्हणजे पॅटर्नच्या आडव्या बाजूवरून, फायनलवर वळत असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, तीन मैल म्हणजे भरपूर वेळ आहे. छोटं विमान पुढे आलं, मागचं झपाट्याने जवळ येतंय हे त्याच्या वैमानिकाच्या लक्षात आलं, आपण गो-अराउंड करतोय, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढतोय, हेही त्याने सांगितलं. तोवर उशीर झाला होता. तीन माणसं आणि एक कुत्रा गेला. तपासाचा निष्कर्ष होता की सरळ येणाऱ्या वैमानिकाने पुढचं विमान पाहून टाळलं नाही.

सरळ येणं बेकायदा नाही. पण पॅटर्नमध्ये विमानं फिरत असताना वेगवान विमानाने असं घुसणं मला साफ नामंजूर आहे. पुढे मोठी विमानं उडवशील तेव्हाही हे विसरू नकोस.

तुला आत्ता काय करायचं ते सांगते. कुणी मैल सांगितले की मनात त्यांची मिनिटं कर आणि विमान कुठलं आहे ते विचार. फायनलवरच्याला प्राधान्य असतं. दोघं असतील तर खालच्याला असतं, पण त्याच नियमात पुढे म्हटलंय की त्याचा फायदा घेऊन कुणाच्या पुढे घुसू नये. कायदा तुझ्या बाजूने असला तरी, ज्याचा आवाज येतोय ते विमान दिसत नसेल तर बेसला वळू नकोस. डाऊनविंड, म्हणजे धावपट्टीला समांतर बाजू, लांबव किंवा पॅटर्न सोडून पुन्हा ये. हा निर्णय लवकर घेतला तरच उपयोगाचा.

तुझ्या सेसनाचा पंख डोक्यावर असतो, त्यामुळे वळताना वळणाच्या आतली बाजूच झाकली जाते. वळण्याआधी तो पंख किंचित उचलून तिकडे बघ. चेरोकीसारख्या पायपरचा पंख खाली, त्याला त्याच्या खालचं दिसत नाही. म्हणून फायनलवर वर पायपर आणि खाली सेसना आले, तर दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. काचेत सरकणारं विमान सहसा बाजूने निघून जातं. जे एकाच जागी राहून नुसतं मोठं होत जातं, ते तुझ्यावर येतंय. ते हलत नसल्याने डोळा त्याच्यावर ठरत नाही, म्हणून आकाशाचा थोडा थोडा तुकडा घेऊन तिथे नजर क्षणभर थांबवत जा.

टॅब्लेटवर विमानं दिसतात म्हणून बाहेर बघणं कमी करू नकोस. ज्या विमानांत आपली जागा प्रसारित करणारं उपकरण नाही, ती त्यावर येतच नाहीत. बोलताना विमानतळाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी घे, कारण त्याच फ्रिक्वेन्सीवर शेजारचे विमानतळही असतात. नंबराबरोबर विमानाचा रंग आणि प्रकार सांग.

अशा टकरा अजूनही होतात. मरानाची बातमी तुझ्या कानावर आलीच असेल, तुमच्याच ॲरिझोनातली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे, टॉवर नसतानाच, एक सेसना आणि एक लँकेअर धडकले. सेसना सुखरूप उतरलं, लँकेअरमधले दोघं गेले.

पुढच्या सोलोआधी इन्स्ट्रक्टरला दोन गोष्टी विचार: आपल्या धावपट्टीवर सरळ कोण कोण येतं, आणि कुठल्या दिशेने. उत्तर मिळालं की मला कळव, आणि वहिनीलाही समजावून सांग.

तुझी,
आत्या