मजुरी कोणाच्या पट्टीतून?

वाचकहो, आपल्या भाषेत एकाच नाण्याला किती नावे आहेत पाहा. हॉटेलातल्या पोऱ्याच्या हातावर ठेवतो ती बक्षिसी. दिवाळीला पोस्टमन-वायरमन दारात येतात ती पोस्त. कीर्तनकारबुवांना देतो ती बिदागी, आणि कचेरीत टेबलाखालून सरकवावे लागते ते चहापाणी. पहिल्या तिघांत थोडीफार खुशी असते, चौथ्यात निव्वळ नाइलाज. पण आज तुमच्याशी बोलायचे आहे ते पाचव्याच एका प्रकाराविषयी. त्याचे नाव बक्षिसीचे, पण काम मात्र पगाराचे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा नाशिकला हॉटेल मॅनेजमेंट शिकला आणि प्रवासी जहाजावर लागला. आमचे घराणे निफाड तालुक्यातले, कांदा आणि द्राक्षांवर जगणारे. गोदावरीच्या पलीकडे पाणी पाहिले ते पंढरपूरच्या चंद्रभागेचे. त्यामुळे ‘पोरगा बोटीवर आहे, डॉलरात कमावतो’ ही बातमी गावात वाऱ्यासारखी पसरली. बहिणीकडे न मागता स्थळे सांगून येऊ लागली. पोराच्या अंगावर जबाबदारी काय आहे हे विचारणारा मात्र एकही भेटला नाही.

मागच्या सुट्टीत तो चार दिवस आमच्याकडे राहिला. आम्ही ओट्यावर लसूण निवडत बसलो होतो. मी सहज विचारले, “काय रे, पगार किती मिळतो तुला?”

तो हसला. म्हणाला, “मावशी, पगार असा थोडाच. बाकीचे टिपमधून.”

मग त्याने जे सांगितले ते ऐकून मी हातातला लसूण खाली ठेवला.

मोठे प्रवासी जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे एक तालुक्याचे गाव. तीन-चार हजार प्रवासी आणि त्यांची उस्तवार करायला हजार-दीड हजार नोकर. स्वयंपाकी, वाढपी, धोबी, खोल्या आवरणारे. यांत आपल्याकडची, गोव्याची, फिलिपाइन्सची, इंडोनेशियाची पोरे पुष्कळ. करार सहा ते नऊ महिन्यांचा. तेवढे दिवस रोज काम. आपल्या बैलाला पोळ्याची सुट्टी असते, तशीही तिथे नाही. भाच्याच्या वाट्याला खोल्यांची एक ओळ. सकाळी झाडायच्या, संध्याकाळी पुन्हा गाद्या घालायच्या.

आता प्रवाशाच्या बिलात तिकिटाखेरीज एक रक्कम धरलेली असते. तिला ते लोक ग्रॅच्युइटी म्हणतात. आपल्याकडे नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी वेगळी, ही म्हणजे टिप. अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर अलीकडे माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर, म्हणजे आपले दीड हजार रुपयांच्या आसपास, याप्रमाणे आपोआप लागतात. ते पैसे एकत्र करून नोकरांत वाटले जातात. काही कंपन्यांत करारावर जो आकडा लिहिलेला असतो, त्यातला मोठा भाग याच पैशातून भरून निघतो. म्हणजे नोकर कंपनीचा, हुकूम कंपनीचा, गणवेश कंपनीचा, आणि पगार मात्र प्रवाशाच्या खिशातून!

बरे, ही रक्कम सक्तीची म्हणावी तर तेही नाही. पुष्कळ कंपन्यांत प्रवासी काउंटरवर जाऊन ती कमी करवू शकतो किंवा काढूनही टाकू शकतो. भाचा म्हणाला, “शेवटच्या रात्री काउंटरपाशी रांग दिसली ना मावशी, की आमच्या पोटात गोळा येतो.”

तुम्ही म्हणाल, एवढ्या श्रीमंत देशात कायदा नाही का? आहे, पण तो जमिनीवर. कंपनीची कचेरी मायामीला असली तरी जहाजाची नोंदणी बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी केलेली असते. ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा. म्हणून अमेरिकेतला किमान वेतनाचा कायदा त्या नोकरांपर्यंत पोचत नाही. आणि जमिनीवर तरी काय मोठे वैभव आहे? अमेरिकेत टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचा किमान दर केंद्राच्या कायद्याने ताशी २.१३ डॉलर ठरवला, तो १९९१ सालापासून तसाच आहे. इतरांचा दर ७.२५ डॉलर. मधली तूट गिऱ्हाइकाच्या टिपमधून भरायची, आणि तिथूनही नाही भरली तरच मालकाने. काही राज्यांनी याहून चांगला दर ठरवला आहे, पण मूळची रीत ही अशी.

भाच्याचे बोलणे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे जहाज नव्हतेच. आपली बाजार समितीतली हिशेबपट्टी होती.

आपण कांदा घेऊन लासलगावला, पिंपळगावला जातो. लिलाव होतो, भाव फुटतो, काटा होतो. मग पट्टी हाती येते. वर मालाचे पैसे, खाली हमाली, तोलाई, वाराई, आणि ते वजा जाऊन उरलेली रक्कम. वर्षानुवर्षे आपण ती पट्टी घडी घालून खिशात ठेवत आलो. पण हमाल काम कोणाच्या सांगण्यावरून करतो, आणि त्याची मजुरी कोणाच्या पट्टीतून जाते, हा प्रश्न तोच, जहाजावरचा.

हमालाला माणूस म्हणून कायद्याचे कवच मिळावे म्हणून महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत त्यासाठी माथाडी कामगारांना एकत्र केले होते. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. कायद्याचे तत्त्व साधे आहे. जो काम करवून घेतो त्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही माथाडी मंडळात भरायची. मंडळ कामगाराला पगार देणार आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, दवाखाना बघणार. म्हणजे रोज कोणापुढे हात पसरायला नको.

पण मालक कोण, हे ठरवताना गाडे अडते. २०२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यात काय झाले ते तुम्ही सोसले आहे. व्यापाऱ्यांनी सांगितले की यापुढे आम्ही शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई, वाराई कापणार नाही. लेव्हीचा वाद त्याआधीपासून पेटलेला होताच. हमाल-मापाऱ्यांना वाटले, कपात गेली म्हणजे आपली मजुरी आणि मंडळाचे कवच दोन्ही जाणार. शेतकऱ्यांकडून सवाल आला, भुईकाट्यावर ट्रॅक्टर उभा राहून वजन होत असेल तर तोलाई कसली? आणि या ओढाताणीत ऐन उन्हाळ कांद्याच्या दिवसांत जिल्ह्यातल्या बाजार समित्यांतले लिलाव कितीतरी दिवस बंद राहिले. माल आपला पडून, रोज हमालाचा बुडून.

यात हमाल आपला वैरी नाही, हे आधी ध्यानात घ्या. त्याची पाठ आपल्या पाठीसारखीच आहे. त्याचीही मुले शाळेत जातात. घोटाळा आहे तो मजुरी पट्टीच्या कोपऱ्यात लपवण्यात. तिथे लपली की देणाऱ्याला ती लूट वाटते, घेणाऱ्याला ती उपकारासारखी घ्यावी लागते, आणि ज्याचे काम झाले तो मधल्या मधे मोकळा.

आडतीचेही तेच होते. २०१६ च्या जुलैमध्ये सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले, तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, “त्यात काय, व्यापारी बोलीतच तेवढे कमी करील.” करीतही असेल. पण बोली चारचौघांत, उघड्यावर होते. भाव पटला नाही तर ट्रॅक्टर वळवून दुसरीकडे नेता येतो. पट्टीतली कपात मात्र सौदा झाल्यावर कळते. उघड भाव आणि मागाहून कपात यांत फरक आहे. प्रवाशालाही तेच म्हणता येईल. तिकीट स्वस्त दाखवून मागाहून टिप लावण्यापेक्षा तिकिटातच नोकराचा पगार धरा, आणि तो कंपनीने द्यावा. काही कंपन्या तसे करतातही.

हा सवाल आपल्या मातीत नवा नाही. गावगाड्यात महार वतनदार सरकारचे काम रात्रंदिवस करायचा. सांगावा पोचवायचा, सारावसुलीच्या वेळी लोकांना बोलवायचे, सरकारी माणसांच्या तैनातीला राहायचे. चाकरी सरकारची, पण सरकार देई ते नाममात्र. बाकी पोट भरायचे ते वतनी जमिनीच्या तुकड्यावर आणि खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्यावर. रयतेची मर्जी फिरली की बलुते बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात यासाठी बिल मांडले. ज्याची चाकरी त्याने पगार बांधून द्यावा, बलुत्यासाठी कोणाच्या खळ्यावर उभे राहायला नको, हा त्याचा गाभा होता. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. मला वाटते, टिपवर जगणाऱ्या नोकराचे दुखणे बाबासाहेबांनी जेवढे नेमके ओळखले तेवढे कोणी ओळखले नसेल. दुसऱ्याच्या मर्जीवर पोट असले की माणसाची मान आपोआप खाली जाते.

भाच्याला मी हे बोलून दाखवले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मावशी, सगळेच वाईट नाही गं. एक म्हातारी बाई होती. उतरताना तिने पाकीट दिले, आणि आईला नमस्कार सांग म्हणाली. ते पाकीट मी पुष्कळ दिवस फोडले नव्हते.” खरे आहे ते. खुशीने दिलेल्या पैशात माया असते. म्हणूनच तर तिला पगाराच्या गाड्याला जुंपू नये.

आता तुमच्या घरातला कोणी मुलगा-मुलगी या वाटेने जाणार असेल तर चार गोष्टी गाठीला बांधा. आमच्या बहिणीकडेही सुरुवातीला एक एजंट आला होता. “जागा पक्की करून देतो” म्हणून दोन लाख मागत होता, आणि मेहुणे मळ्यातला अर्धा एकर गहाण टाकायला निघाले होते. भाच्याच्या एका शिक्षकांनी वेळीच अडवले. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला, तो २०१३ पासून लागू आहे, आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याप्रमाणे नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, नाविकाचे पुस्तक, डॉक्टरी दाखला एवढाच खर्च आपला. भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना हवा. त्याचा नंबर मागून घ्या आणि खात्याकडे ताडून पाहा. नंबर विचारताच जो चिडतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

करार हाती आला की मुलाला विचारा: यात मूळ पगार किती, टिप किती? टिप कमी पडली तर कंपनी भरून देईल का? कामाचे तास किती? त्या करारात दिवसाला किमान दहा तास आणि आठवड्याला सत्त्याहत्तर तास विश्रांती द्यावी, किंवा काम दिवसाला चौदा आणि आठवड्याला बहात्तर तासांच्या वर नेऊ नये, असे आहे. करार संपल्यावर घरी परत आणण्याचा खर्च कंपनीचा. आणि शेवटचा प्रश्न: जहाज बंद पडले तर काय? २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे जगभरची प्रवासी जहाजे थांबली. प्रवासी उतरले, नोकर पाण्यावर अडकले. त्या एप्रिलमध्ये मुंबई बंदरात ‘मरेला डिस्कव्हरी’ जहाजावरून सुमारे दीडशे भारतीय खलाशी उतरले, तेही बऱ्याच खटपटीनंतर. प्रवासीच नाही तिथे टिप कुठली! अशा वेळी हाती राहतो तो फक्त कागदावरचा मूळ पगार.

जाता जाता आपल्याकडे वळते. आपणही कोणाचे तरी धनी आहोत. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजूर मंडळी आपल्या बागांत येतात. विरळणी, डिपिंग, पुढे खुडा. काम संपताना आपण साडी-चोळी देतो, मुलांच्या हातावर खाऊचे पैसे ठेवतो. चांगली रीत आहे, ती मोडू नका. पण उक्ते काम दिले असेल तर दर आधी ठरवून वहीत लिहा, उचल किती दिली ती त्यांच्यासमोर मांडा, आणि हिशेब बाजाराच्या आदल्या दिवशी चुकता करा. ‘माल गेला की बघू’ म्हणू नका. माल कधी जाईल ते आपल्या हाती नसते. बाईने आठवडाभर कात्री चालवली ती मात्र चालवून झालेली असते. साडी-चोळी द्यायची ती हिशेब चुकता झाल्यावर, वरून. हे तुम्हाला पटते का पाहा, आणि पटले तर यंदाच्या छाटणीपासून वही घाला.