मॅन्युअल थेरपीचा कोर्स केला, पुढे काय झालं

इंटर्नशिप संपली आणि मला तळेगाव–पुणे पट्ट्यातल्या एका खासगी रुग्णालयात नोकरी लागली. टाकवे बुद्रुकच्या घरून कान्हे स्टेशनपर्यंत गाडीवर आणि पुढे लोकल. साडेचार वर्षांची फिजिओथेरपीची पदवी (बीपीटी) झालेली, राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेत नोंदणी झालेली. काम मिळालं यातच घरचे खूश होते.

दिवसभर मी शेक द्यायचे, अल्ट्रासाउंड फिरवायचे, विजेच्या सौम्य प्रवाहाचे (आयएफटी) पॅड लावायचे, कंबरेला ट्रॅक्शन लावायचे. एकाला मशीनवर ठेवून दुसऱ्याकडे, दुसऱ्याला ठेवून तिसऱ्याकडे. पेशंटच्या सांध्याला नीट हात लावून तो कुठे अडतो हे बघायला वेळ नसायचा. आणि खरं सांगायचं तर वेळ मिळाला असता तरी कॉलेजात शिकलेलं हातांत उतरलेलं नव्हतं. सांधा किती हलवायचा याच्या मेटलंड पद्धतीतल्या ग्रेड परीक्षेत लिहिता यायच्या, पण एखाद्याच्या मणक्यावर अंगठा ठेवला की ग्रेड दोन कुठे संपते आणि तीन कुठे सुरू होते, ते कळायचं नाही.

त्याच सुमारास नोकऱ्यांच्या जाहिरातींत ‘मॅन्युअल थेरपीचं सर्टिफिकेट असल्यास प्राधान्य’ ही ओळ सारखी दिसायला लागली. मॅन्युअल थेरपी म्हणजे सांध्यांवर हातानं करायचे उपचार. बरोबरीच्या मुली कोर्स करत होत्या. आपण मागे पडतोय असं वाटायचं.

कोर्सची माहितीपत्रकं मोबाइलवर येतच होती. एकात तर शनिवार-रविवारात मान, कंबर, खांदा, गुडघा सगळं शिकवणार होते, वर सुया टोचणं आणि टेपिंगही. फी माझ्या एका पगाराहून जास्त होती. मी कॉलेजातल्या एका सिनियरला फोन केला. तिनं मला चार गोष्टी विचारायला सांगितल्या: शिकवणाऱ्याला त्या पद्धतीच्या मूळ संघटनेची मान्यता आहे का, एका टेबलामागे किती जण असतील, शेवटी हातांची परीक्षा आहे का, आणि पेशंट तपासायला शिकवतात की नुसती तंत्रं दाखवतात. ज्या ज्या ठिकाणी मी हे विचारलं त्यांतल्या निम्म्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. नाव गाळायला तेवढं पुरलं.

या विषयात पद्धती बऱ्याच आहेत. ऑस्ट्रेलियाचे मेटलंड, नॉर्वेचे काल्टेनबॉर्न, न्यूझीलंडचे मॅकेंझी आणि मलिगन, प्रत्येकाची विचार करायची रीत वेगळी. मी मलिगन निवडली, कारण तिच्यात पेशंटला नुसतं निजवून ठेवत नाहीत. आपण सांधा किंचित सरकवून धरायचा आणि त्याच वेळी दुखणारी हालचाल पेशंटनं स्वतः करायची. दुखता कामा नये. दुखलं तर दिशा बदलायची, जोर बदलायचा, तरीही दुखलं तर ते तंत्र सोडून द्यायचं. ब्रायन मलिगन यांना १९८०च्या दशकात एका पेशंटच्या आखडलेल्या बोटावर हे पहिल्यांदा सापडलं.

कोर्स पुण्यात होता. रुग्णालयानं रजा दिली, फी दिली नाही. घरी आल्यावर मी आईच्या गुडघ्यावर, भावाच्या खांद्यावर सराव करायचे. कंबरेला पट्टा बांधून सांधा ओढायचं तंत्र सगळ्यात अवघड गेलं. पट्टा हातानं ओढायचा नसतो, आपलं वजन मागे न्यायचं असतं. हे अंगवळणी पडेपर्यंत माझीच कंबर धरली होती.

सर्टिफिकेट घेऊन मी एचआरकडे गेले. पगार वाढला नाही. बिलात ‘फिजिओथेरपी’ असा एकच रकाना होता, मशीन लावा नाहीतर हातानं उपचार करा, रक्कम तीच. त्या रात्री मी जेवले नाही. घरात कुणाला कारणही सांगितलं नाही.

बदल झाला तो पेशंटकडून. टाकव्यातल्या एका कारखान्यात असेंब्लीवर काम करणारा एक दादा आला. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत होतं. ‘मॅडम, रेंच धरला की जीव जातोय,’ म्हणाला. आधी त्यानं इंजेक्शन घेतलं होतं. महिनाभर बरं वाटलं, मग दुखणं परत. मी त्याला मूठ आवळायला लावली, दुखलं. मग दंड एका हातानं पक्का धरला, दुसऱ्या हातानं कोपराखालचा भाग बाहेरच्या बाजूला सरकवला आणि म्हटलं, आता आवळा. त्यानं आवळली. माझ्याकडे बघितलं, परत आवळली. दुखत नव्हतं. हात सोडल्यावरही थोडं कमीच होतं.

तेवढ्यावर तो बरा झाला नाही, हे इथेच सांगते. २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याच दुखण्यावरचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला होता. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढे होते, वर्षअखेरीस तेच मागे पडले. हाताचे उपचार आणि व्यायाम केलेल्यांना मधल्या काळात फायदा झाला, पण वर्ष संपताना ते आणि नुसते थांबलेले जवळपास सारखेच होते. मी हे दादाला मराठीत समजावून सांगितलं. हातानं दुखणं उतरवायचं ते व्यायाम करता यावा म्हणून. त्यानं पाण्याच्या बाटलीनं मनगटाचा व्यायाम नेमानं केला, सुपरवायझरला सांगून काही दिवस दुसरं काम घेतलं. पुढे त्याच्या लाइनवरचे आणखी लोक माझं नाव विचारत आले.

त्या लोकांच्या भरवशावर मी नोकरी सोडली आणि टाकव्यात भाड्याची खोली घेतली. सुरुवातीला जागेचं भाडं जेमतेम सुटायचं. गावात फिजिओ म्हणजे मालिश करणारी किंवा मशीन लावणारी. काही जण हाडवैद्याकडे जाऊन आलेले असायचे आणि ‘काटकन वाजवा’ म्हणायचे. मी वाजवत नाही. मानेचा झटका तर अजिबात देत नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या तिथूनच जातात.

जूनअखेर भाताची लावणी सुरू झाली की अंदर मावळातून कंबरदुखीच्या बायका येतात. दिवसभर चिखलात वाकून इंद्रायणी भाताचं रोप लावायचं. ‘मणक्यात गॅप आहे’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि त्या घाबरलेल्या असतात. यांतल्या बहुतेकींना हात, व्यायाम आणि धीर पुरतो. एक मावशी मात्र वेगळ्या होत्या. दोन्ही पायांत मुंग्या, बसायच्या जागी बधिरपणा, आणि लघवी आल्याचं नीट कळत नाही म्हणाल्या. मी त्यांना टेबलवर घेतलंच नाही. चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्या मुलाला म्हटलं, घरी जाऊ नका, इथूनच मोठ्या रुग्णालयात न्या. नस दाबली गेली होती, तातडीनं ऑपरेशन झालं. त्या चालत्या आहेत. कोर्समध्ये तपासणीवर जो वेळ दिला होता तो तेव्हा कंटाळवाणा वाटला होता. आज मला विचाराल तर फी वसूल झाली ती तिथे.

त्या चिठ्ठीनंतर तळेगावचे एक हाडांचे डॉक्टर माझ्याकडे पेशंट पाठवायला लागले. मी प्रत्येकाची टिपणं लिहून देते: कोणती हालचाल किती अंश, कुठे दुखलं, काय केलं, काय बदललं. भिंतीवरचं सर्टिफिकेट त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

आता गावातल्या, तालुक्यातल्या नव्या मुली फोन करून विचारतात, कोर्स करू का. आधी वर्षभर पेशंट बघ, मग कर, असं मी सांगते. हातात प्रश्न नसतील तर कोर्समधली उत्तरं राहत नाहीत. कॉलेजात शिकवायचं असेल तर पदव्युत्तर पदवीच (एमपीटी) लागते, तिथे हे सर्टिफिकेट चालत नाही. परदेशात जायचं असेल तर त्या देशाची नोंदणी आधी बघायची. मॅन्युअल थेरपीची जागतिक संघटना १९७४ पासून आहे आणि ती जे शिक्षण मानते ते पदव्युत्तर पातळीचं, देखरेखीखाली पेशंट तपासायला लावणारं. दोन दिवसांचा वर्ग त्या नावानं कुणी विकत असेल तर पैसे भरू नयेत. कर्ज काढून तर मुळीच नाही.

माझ्या कोर्सचा पुढचा टप्पा राहिलाय. तो डिसेंबरात करणार आहे. लावणीत आणि कापणीत खोली बंद ठेवून चालत नाही.