पाव सुताचा हिशेब

डेट्रॉइटने जगाला मोटारी दिल्या; पण हिवाळ्यात इथल्या उपनगरांतून चक्कर मारलीत, तर कितीतरी मोटारी दाराबाहेर बर्फाखाली उभ्या दिसतील. गॅरेजमध्ये त्यांना जागाच नसते. कुणी तिथे बोट ठेवतो, कुणी व्यायामाची यंत्रं. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तीत, जिथे मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा दर चार घरांमागे एक सापडतात, तिथे गॅरेज म्हणजे सुतारशाळा. इंजिनाच्या ओतकामासाठी लागणारे नमुने एकेकाळी या शहरात लाकडात घडवले जायचे. ते घडवणाऱ्या पॅटर्नमेकरांना केसाएवढा फरकही चालायचा नाही. ती पिढी आता सरत आली, पण तिची नजर गल्लीत अजून आहे. तुमची फळी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असेल, तर शेजारचे आजोबा कुंपणापलीकडूनही सांगतात.

धाकट्या भावाला सांगलीला फोनवर सांगितलं की रंधा मशीन घ्यायचं म्हणतोय. तर तो म्हणाला, ‘‘दादा, वखारीत टाक की फळ्या. तासून देतील, फुटावर पैसे घेतील.’’ त्याचं तिथलं गणित बरोबरच आहे. तिकडे थिकनेस मशीन वखारवाल्याचं असतं, म्हशीएवढं, ओतीव लोखंडाचं. आपण बाजूला उभं राहून चहा प्यायचा. इथे माणसाचा तास महाग आणि यंत्र स्वस्त. लाकूडवाला तासूनही देतो, पण तासलेल्या फळीचा भाव आणि करवतीतून आलेल्या खरबरीत फळीचा भाव शेजारी शेजारी लिहून पाहिले की माणूस यंत्राच्या दुकानाकडे वळतो. १९८०च्या दशकात रायोबी या जपानी कंपनीने दहा इंची एपी-१० हे टेबलावर ठेवायचं यंत्र काढलं आणि वखारीतली ही चीज इथल्या घराघरांत शिरली. आज तेरा इंच रुंद आणि सहा इंच जाड लाकूड घेणारं यंत्र दोन माणसं उचलून ठेवतात.

लाकूड इथे ‘चौथ्यां’वर विकतात. फोर-क्वार्टर म्हणजे खरबरीत एक इंच. आपल्या सुताराच्या भाषेत आठ सूत. दोन्ही बाजू साफ होईपर्यंत त्यातले साडेसहा उरले तर नशीब, बहुतेकदा सहाच. म्हणजे पैसे मोजून आणलेल्या लाकडाचा चौथा हिस्सा भुसा होऊन पिशवीत जातो. यंत्र घेण्याआधी हा हिशेब मांडावा. वर्षाकाठी एखादं स्टूल करणाऱ्याला तो परवडत नाही. त्याने तयार फळी घ्यावी, किंवा सभासद होऊन वापरायच्या सामायिक कार्यशाळेत जावं. सगळं घरचं फर्निचर करायला निघालेल्याचा मात्र खर्च निघतो.

दुकानातला विक्रेता एक गोष्ट सांगत नाही: हे यंत्र फळी सरळ करत नाही. ते दोन बाजू समांतर करतं, बस्स. वाकलेली फळी आत घातली की रोलर तिला दाबून सपाट धरतात, पाती वरचा थर काढतात, आणि बाहेर पडताच फळी पुन्हा आपल्या वाकावर येते. गुळगुळीत झालेली, पण वाकडीच. आधी एक बाजू सपाट करावी लागते. त्यासाठी जॉइंटर नावाचं आणखी एक यंत्र आहे, आणि आठ इंचाच्या पुढचा जॉइंटर म्हटलं की किंमत आणि जागा दोन्ही आवाक्याबाहेर. छोट्या गॅरेजचा उपाय जुना आहे: प्लायवूडच्या जाड, सपाट पाटावर फळी ठेवायची, जिथे ती डुगडुगते तिथे पाचरी सारायच्या, गरम सरसाचे दोन-चार थेंब टाकून त्या पक्क्या करायच्या आणि पाटासकट यंत्रातून काढायची. वरची बाजू सपाट झाली की फळी उलटायची, पाट बाजूला ठेवायचा. या पाटाला पाच-पन्नास डॉलरही लागत नाहीत. तो करण्याचा कंटाळा असेल, तर कितीही भारी यंत्र घ्या, टेबल डुगडुगणारच.

आता यंत्रं. तीनेकशे डॉलरपासून पुढे दोन पात्यांची यंत्रं मिळतात. ती वाईट नाहीत. हळू चालतात आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत जास्त खळगा पाडतात. फळीचं टोक एका रोलरवरून सुटलं की ते उचललं जातं आणि पाती खोल जातात, त्याचा हा परिणाम. इथे त्याला स्नाइप म्हणतात. फळी बाहेर पडताना हाताने किंचित वर धरली, किंवा मागेपुढे टाकाऊ तुकडे लावले, की तो बराच आवरतो. पुरता घालवून देतो म्हणणाऱ्या जाहिरातीवर माझा विश्वास नाही. मकिताचं बारा इंची यंत्र वजनाने हलकं, सुमारे २८ किलोचं, आणि बाकीच्यांपेक्षा शांत. तळघरात नेऊन काम करणाऱ्याने याचा आधी विचार करावा. डिवॉल्टचं डीडब्ल्यू-७३५ सुमारे ४२ किलोचं, तीन पात्यांचं. त्याला दोन वेग आहेत: एका इंचात ९६ घाव किंवा १७९. जाडी उतरवायची ती पहिल्यावर, शेवटचा हात दुसऱ्यावर. मिशिगनच्या मेपलला, विशेषतः जिथे रेषा लाटेसारख्या वळतात तिथे, हा दुसरा वेग खरंच कामाला येतो. नाहीतर कपचे उडतात. मात्र कुठल्याही यंत्रावर एका खेपेला एक सूत निघतं असं कागदावर लिहिलेलं असलं, तरी रुंद कठीण फळीला पाव सुताच्या वर जाऊ नये. मोटरच्या आवाजावरूनच कळतं ती धापा टाकते आहे की नाही.

पाती सरळ घ्यावीत की हेलिकल, यावर इथली गॅरेजं दुभंगलेली आहेत. हेलिकल म्हणजे ड्रमवर मळसूत्रासारख्या रांगांत बसवलेले कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे. आवाज कमी, कपचे कमी, आणि तुकड्याची एक कड बोथट झाली की तो पाव फेरा वळवायचा. चार कडा मिळतात. किंमत मात्र चांगलीच चढते. मी म्हणेन, उत्तर यंत्रात नाही, लाकूड कुठून येतं त्यात आहे.

या शहराच्या लाकडाला एक इतिहास आहे. रस्त्यांवरचे एल्म डच एल्म रोगाने गेले, तेव्हा त्यांच्या जागी पालिकांनी मोठ्या प्रमाणावर अ‍ॅशची झाडं लावली. २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरातच एमरल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा, जेमतेम अर्ध्या इंचाचा आशियाई किडा सापडला. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला असावा असं मानतात. पुढे त्याने अमेरिकेतली कोट्यवधी अ‍ॅशची झाडं मारली आणि इथल्या सावलीच्या गल्ल्या उघड्या पडल्या. पण त्याची अळी सालीखालचा जिवंत थर खाते, आतल्या लाकडाला हात लावत नाही. झाड वेळेत कापलं तर फळी शाबूत. बेसबॉलच्या बॅटी ज्याच्या व्हायच्या तेच हे लाकूड, चिवट आणि ठळक रेषांचं. त्या वर्षांत कापून रचून ठेवलेल्या फळ्या अजूनही कुणा आजोबांच्या पश्चात घरातलं सामान विकायला निघालं की गॅरेजच्या माळ्यावर सापडतात, आणि भावही घासाघीस करण्याजोगा असतो.

फक्त हे रस्त्यावरचं झाड आहे, जंगलातलं नव्हे. त्याच्यावर वर्षानुवर्षं हरवलेल्या कुत्र्यांच्या, जुन्या सामानाच्या विक्रीच्या चिठ्ठ्या ठोकलेल्या असतात. झाड वाढतं आणि खिळे, स्टेपलच्या पिना पोटात घेतं. लाकडात एखादी निळी-काळी डागासारखी पट्टी दिसली तर तिथे लोखंड आहे असं समजावं. धातू शोधणारी हातातली कांडी वीस-तीस डॉलरला मिळते. ती फिरवल्याशिवाय फळी आत घालू नये. सरळ पात्याला खिळा लागला की दात पडतो आणि नंतरच्या प्रत्येक फळीवर लांबच्या लांब उंचवट्याची रेघ उमटते. पात्याला सरकायला जागा असेल तर एक पातं केसभर बाजूला घेऊन ती मारता येते, पण ते तात्पुरतं. हेलिकलमध्ये दोन-तीन तुकडे वळवले की काम सुरू. म्हणून शहरातलं जुनं लाकूड वापरणाऱ्याने हेलिकलला पैसे घालावेत. दुकानातलं स्वच्छ लाकूड आणणाऱ्याला तीन सरळ पाती पुरतात.

पैसे वाचले तर ते भुसा ओढणाऱ्या यंत्रावर घालावेत. त्याला वेगळं विजेचं सर्किट लागतं, कारण रंधा एकटाच पंधरा अँपिअर खातो. लाकडाची धूळ ही कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचं वर्गीकरण आहे, घाबरवण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. आवाजाचंही तसंच. या छोट्या यंत्रांची ब्रशवाली मोटर किंचाळते. शंभर डेसिबलला उघड्या कानांनी पंधरा मिनिटं, ही अमेरिकी आरोग्य संशोधन संस्थेची मर्यादा. कानावर आवरण घालण्याचं आपल्या हातात आहे. शेजाऱ्यांच्या कानांचं नाही. इथे भिंती लाकडाच्या आणि जिप्समच्या, आवाज आरपार जातो. तेव्हा शनिवारी सकाळी नऊच्या आत नाही, रात्री नाही, आणि नवीन बाळ आलेलं घर शेजारी असेल तर आधी विचारून.

तेव्हा माझं मत असं: नव्याने सुरू करणाऱ्याने तीन पात्यांचं, दोन वेगांचं यंत्र घ्यावं, जुनं मिळालं तर उत्तम. घेताना रोलर तडकलेले नाहीत ना आणि ड्रम हाताने फिरवल्यावर घरघरत नाही ना एवढं, प्लग काढून, जरूर पाहावं. आणि भुसा कुणाला देणार असाल तर एक लक्षात ठेवा. अ‍ॅशचा किंवा मेपलचा बागेत चालतो. काळ्या अक्रोडाचा टोमॅटोच्या वाफ्यात टाकू नका, आणि घोड्यांच्या तबेल्यात तर अजिबात नको. त्यावर नुसतं उभं राहूनही घोड्यांचे खूर सुजतात.