पाण्याची पाळी

कोल्हापुरात साठीकडे झुकलेला माणूस मन बिघडलंय म्हणून दवाखान्यात येत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, अशा तक्रारी घेऊन येतो आणि शेवटी म्हणतो, “बाकी काय न्हाई डॉक्टर.” बोलता बोलता कळतं, की तालमीच्या कट्ट्यावर तो महिनोन्महिने फिरकलेला नाही, रंकाळ्यावरचा सकाळचा फेरा बंद आहे, लग्नकार्याला बायको एकटीच जाते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मला झोपेपेक्षा या गोष्टींची काळजी जास्त वाटते.

‘बरं वाटलं की करू’ असं नैराश्यात माणूस म्हणत राहतो; काही करत नाही म्हणून बरंही वाटत नाही. उपचारात आम्ही हा क्रम उलटवतो. आधी छोटंसं काम, उमेद मागून. पण नुसतं ‘फिरायला जात जा’ सांगून भागत नाही, कारण तो गेला नाही तरी कुणाचं काही अडत नाही. म्हणून मी काही पेशंटना औषधांच्या जोडीनं बागेत पाठवतो. घरच्या गच्चीवरच्या कुंड्या त्यासाठी पुरत नाहीत. बाग चारचौघांची हवी.

आमची बाग एका कॉलनीतल्या मोकळ्या जागेत आहे. तिथं शेजारीपाजारी येतात, पेशंट येतात, आणि कोण कोणती गोळी घेतं हे कुणी कुणाला विचारत नाही. खेड्यात पैरा चालतो, आज तुमच्या रानात तर उद्या आमच्या, तशीच इथं पाण्याची पाळी ठरलेली असते.

नव्या माणसाला मी मुद्दाम अमृतजल ढवळायचं काम द्यायला लावतो. 10 लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस, रोज तीनदा काठीनं ढवळायचं, मग दहापट पाणी घालून वाफ्यांना द्यायचं. गूळ गुऱ्हाळावरून येतो, आच्छादनाला पाचट उसाच्या फडातून. या कामाला कसब लागत नाही, पण ते उद्यावर ढकलता येत नाही.

ओळख बदलून एक उदाहरण सांगतो. आयुष्यभर लेथवर काम केलेले एक काका दुसऱ्याच दिवशी आले नाहीत. बागेतल्या मावशींनी फोन लावला, “काका, ढवळायची पाळी तुमची हाय, कुठं ऱ्हायलासा?” काका आले. तोंड पाडूनच आले, पण आले. हाच फोन मी केला असता तर ‘आज बरं नाही’ म्हणाले असते आणि मी ते ऐकून घेतलं असतं. पुढं एकदा खुरप्याची मूठ हलत होती, ती त्यांनी कुणी न सांगता घरी नेऊन पक्की करून आणली. झोप सुधारायच्या आधी घडलेली ही गोष्ट मी केसपेपरवर लिहून ठेवली. आपणहून काही करावंसं वाटणं, हेच तर या आजारात हरवतं.

अमृतजलाची ही वाट आपल्याच जिल्ह्यातून जाते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. द्राक्षबागायतदारांपासून शहरातल्या गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांपर्यंत सगळे आपापले प्रयोग एकमेकांना सांगत. त्यांचा भर उत्पादनावर होता. मला त्यात दिसतं ते बरोबरीच्या माणसांनी एकमेकांना शिकवणं. पेशंट म्हणून वर्षानुवर्षं फक्त सल्ले ऐकणाऱ्याला इथं कधीतरी सल्ला देता येतो.

नेदरलँड्समधल्या 2011 च्या एका प्रयोगात ताण आणणाऱ्या कामानंतर काहींनी 30 मिनिटं बागकाम केलं, काहींनी वाचन. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक दोन्हींत उतरलं, बागेत जास्त; मूडही बागेतल्यांचाच सावरला. प्रयोग फक्त 30 जणांवर होता, म्हणून त्यावर इमले बांधू नयेत. बागेत जातो म्हणून गोळ्या बंद, असं तर कुणीच करू नये. लिथियम घेणाऱ्यानं उन्हात राबताना पाणी भरपूर प्यावं. घामानं पाणी कमी पडलं की रक्तातली त्याची पातळी वाढते. क्लोरप्रोमाझिननं कातडी उन्हात चटकन भाजते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. आणि कीटकनाशक आमच्या बागेच्या फाटकातून आत येत नाही, अगदी थोडंसुद्धा नाही. आपल्याकडे किती घरांतला माणूस त्या बाटलीनं नेला, हे मला रोजच्या कामातून माहीत आहे. कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचा विचार येत असेल तर बागेची वाट न पाहता 14416 हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक लगेच लावावा.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर 100 प्रौढांतल्या साधारण 10 जणांना उपचाराची गरज होती, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. इतक्यांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ लवकर तयार होणार नाहीत. मोकळ्या जागा मात्र कॉलन्यांत आज पडून आहेत. जिथं बाग केली जाते तिथं हिरवळ, कुंपण आणि ‘फुले तोडू नयेत’ची पाटी येते. त्यातला एखादा कोपरा नागरिकांना खुरपं चालवायला द्यावा. नळाचं एक कनेक्शन, अवजारांची पेटी आणि पाळ्यांचा फळा, एवढ्यावर सुरुवात होते. पहिलं पीक मेथीचं घ्यावं. थंडीत ती महिनाभरात हाताशी येते, आणि खचलेल्या माणसाला त्याहून लांबचा वायदा झेपत नाही. यंदाची थंडी गाठायची तर कॉलनीच्या बैठकीत हा विषय दिवाळी संपताच घ्यावा लागेल.