आजोबांचा शर्ट

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही पाच जणांनी आठ मिनिटांची फिल्म केली. गोष्ट साधीच. निवृत्त झालेला एक कारकून सवयीने रोज सकाळी तयार होतो, डबा घेतो आणि ऑफिसऐवजी रामघाटावर शिप्रेकडे बघत बसतो. कपड्यांचं काम माझ्याकडे आलं, कारण "तुझ्याच घरी जुनं सामान आहे."

पात्र मराठी, म्हणून मी भाड्याने धोतर, काळा कोट आणि टोपी आणली. ट्रायलचा व्हिडिओ आजीला दाखवला. तिने चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाच्या लग्नाला निघालेत?"

मला राग आला, पण ती बरोबर होती. वर्गात सरांनी 'गांधी' दाखवला होता. त्याच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये कोल्हापूरच्या भानू अथैया यांना, जॉन मोलो यांच्यासोबत, ऑस्कर मिळालं. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलंच. सूटबुटातला बॅरिस्टर शेवटी पंचावर येतो, तेव्हा माणूस कसा बदलत गेला हे कपडेच सांगतात. बघताना सगळं पटलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मी फक्त 'मराठी आजोबा' अशी पाटी लावून मोकळी झाले.

आजीने कपाट उघडलं. आजोबांचा फिकट निळा, अर्ध्या बाह्यांचा टेरिकॉटचा शर्ट. कॉलर झिजल्यावर तिने ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवली होती. असंही करतात हे मला माहीतच नव्हतं! पगार किती असेल आणि घरात कोण असेल, हे त्या कॉलरीवरून कळत होतं. खिशाच्या तळाशी शाईचा डाग होता. "हा धुतलेला नाही मी," एवढंच ती म्हणाली.

आमचा नट आजोबांपेक्षा बारीक. शर्ट आत घ्यायला आजीने साफ नकार दिला. तो तसाच ढगळ घातला, आणि निवृत्तीनंतर माणूस आतून आक्रसल्यासारखा दिसू लागला. हे काही माझं डोकं नव्हे, नशीब. सुनेला मात्र मी हौसेने भैरूगढची लाल बाटिक ओढणी दिली होती. मेणाला तडे जाऊन उमटलेल्या त्या बारीक रेघा इतक्या सुंदर, की फ्रेममध्ये म्हाताऱ्याकडे कुणी बघेचना. साधी राखाडी ओढणी दिली, तेव्हा काम झालं.

पहिल्या दिवसाचं शूटिंग संपलं. शर्ट घामाने भिजला होता. रात्री दमलेल्या मी तो सगळ्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकला.

सकाळी डाग गेलेला. दुसऱ्या दिवशी खिशाचाच क्लोजअप होता, पण तेव्हा मला शॉटची आठवणसुद्धा झाली नाही. शर्ट घेऊन आजीसमोर उभी राहिले. तिने खिसा उलटा केला, बराच वेळ बोटाने चाचपत राहिली. मी "आजी, अगं..." म्हणाले आणि पुढे शब्दच सुचेना.

मग तिने आजोबांचं पेन मागितलं. शाई भरली आणि निब खिशाच्या तळाशी जरासं टेकवलं.

"एवढाच असायचा. जास्त नको."

डाग पसरून थांबेपर्यंत आम्ही दोघी बघत बसलो. घाटावर अर्धा तास उशिरा पोचले. फिल्ममध्ये तो तीन सेकंद दिसतो.