कायमचे सतरा वर्षांचे

जॉर्ज लॅझेनबी जेम्स बाँड झाला तो एकदाच, 1969 साली. त्यानंतर सतरा वर्षांनी एका स्वस्तातल्या अमेरिकन चित्रपटात तो पुन्हा गुप्तहेर झाला. या वेळी तो नायकाचा बाप होता आणि लवकरच मारला जाणार होता. चित्रपटाचं नाव 'नेव्हर टू यंग टू डाय', साल 1986. बापाचं अर्धवट राहिलेलं काम जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या पोरावर येऊन पडतं, आणि टीव्ही मालिकांतून मुलींच्या गळ्यातला ताईत झालेला जॉन स्टेमॉस जगाला वाचवायला निघतो. पाच वर्षांनी 'इफ लुक्स कुड किल' आला. त्यात फ्रेंचच्या वर्गाबरोबर फ्रान्सच्या सहलीला गेलेल्या शाळकरी मुलाला सगळे सीआयएचा माणूस समजतात. तो शाळकरी मुलगा झालेला रिचर्ड ग्रीको तेव्हा पंचविशीचा होता.

या चित्रपटांची गोष्ट ठरलेली असते. घरात आणि शाळेत कुणी ज्याचं फारसं ऐकत नाही असा एक मुलगा असतो. एका चुकीमुळे किंवा योगायोगाने त्याच्या हाती गाडी, पिस्तूल, खोटा पासपोर्ट आणि एखादं मोठं गुपित येतं. मोठ्यांच्या जगात शिरायला एरवी दहा वर्षं रांगेत उभं राहावं लागतं, ते दार त्याच्यासाठी एका रात्रीत उघडतं. शेवटी तो आपल्या जगात परततो आणि त्याने काय केलं याचा शेजारच्या बाकावरच्याला पत्ताही नसतो. सोळा-सतराव्या वर्षी प्रत्येकाला आपल्यात असं काहीतरी दडलंय असं वाटत असतं. त्यामुळे हे चित्रपट कितीही कच्चे असले तरी त्यांच्या मुळाशी असलेली इच्छा खरी आहे, आणि मला ते आवडतात त्याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण कोरी हेम.

1992 च्या 'द डबल ओ किड' या चित्रपटात तो लान्स एलियट नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आहे. लान्स एका गुप्तहेर संस्थेत उमेदवारी करतोय, म्हणजे कागद इकडून तिकडे नेतोय, आणि स्वप्नं बघतोय बाँड होण्याची. मग एका पाकिटापायी तो खऱ्याखुऱ्या कारस्थानात सापडतो. पटकथा ठिगळांची आहे, मारामाऱ्या लुटुपुटीच्या आहेत. पण त्या सगळ्यात एक मुलगा जीव तोडून काम करत असतो. समोरच्याचं वाक्य ऐकताना त्याचा चेहरा स्वस्थ बसत नाही, पडता विनोद तो एका तिरप्या हसण्याने सावरून धरतो. चित्रपट त्याच्या लायकीचा नाही हे त्याला कळत असणारच. तरी तो एकही प्रसंग उरकून टाकत नाही.

अशा चित्रपटांत उतरणीला लागलेले बालकलाकारच का दिसतात, याचं निम्मं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणे सोळा-सतरा वर्षांच्या नटाकडून शाळेच्या दिवसांत सहा तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. शिवाय सेटवर शिक्षक ठेवून तीन तास अभ्यासाला द्यावे लागतात. मोजक्या दिवसांत चित्रपट उरकणाऱ्या निर्मात्याला हे परवडत नाही. त्याला हवा असतो अठरा ओलांडलेला, पण सतराचा दिसणारा नट, ज्याला मोठ्या माणसासारखं राबवता येईल. त्यातून त्याचं नाव ओळखीचं असेल तर सोन्याहून पिवळं. कारण हे चित्रपट चालायचे व्हिडिओ कॅसेटवर. दुकानातल्या शेकडो डब्यांमधून गिऱ्हाइकाचा हात एका डब्याकडे वळायला हवा, आणि त्यासाठी डब्यावर असा चेहरा हवा की बघणाऱ्याला वाटावं, अरे, हा तो 'लॉस्ट बॉइज'मधला मुलगा ना?

'डबल ओ किड'ची सगळी नटमंडळी याच हिशेबाने जमवलेली दिसते. ब्रिगिट नील्सनला पाहिलं की 'रॉकी फोर' आठवतो. वॉलेस शॉनला पाहिलं की 'द प्रिन्सेस ब्राइड'. जॉन ऱ्हीस-डेव्हिस 'इंडियाना जोन्स'ची आठवण घेऊन येतो. नायिका निकोल एगर्ट हीसुद्धा लहानपणापासून टीव्हीवर वाढलेली. प्रत्येक जण आपल्या एखाद्या चांगल्या चित्रपटाची पुण्याई घेऊन आलाय आणि निर्माता ती सुट्या पैशांसारखी खर्च करतोय. यात हेमची पुण्याई सगळ्यांत ताजी होती आणि सगळ्यांत झपाट्याने संपत होती.

त्याचा जन्म डिसेंबर 1971 चा, टोरांटोचा. कॅनडातल्या एका टीव्ही मालिकेतून तो पुढे आला, 1984 मध्ये पहिला चित्रपट केला आणि 1986 साली 'लुकस' आला. तो चित्रपट आजही पाहण्यासारखा आहे. मोठ्या भिंगांचा चष्मा लावणारा, किडे गोळा करणारा, वर्गातल्या सगळ्यांपेक्षा लहान आणि हुशार असा हा लुकस एका मुलीवर जीव लावतो, आणि तिच्या नजरेत भरावं म्हणून त्या काडीसारख्या देहाने फुटबॉलच्या मैदानात उतरतो. शेवटी शाळेच्या कपाटाचं दार उघडतं, आत त्याच्या नावाचं खेळाडूचं जाकीट टांगलेलं असतं. मागे कुणीतरी सावकाश टाळी वाजवायला लागतं, मग दुसरं, मग सगळी शाळा. लुकस दोन्ही हात वर करतो. हा शेवट भाबडा आहे, त्याची नक्कल पुढे उदंड झाली. पण हेमच्या चेहऱ्यावर त्या क्षणी एकदम तीन-चार गोष्टी येऊन जातात. थट्टा तर नाही ना, ही शंका त्यात आहे, आणि ती फिटल्यावरचा आनंदही. चित्रीकरणाच्या वेळी तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. इतकं कुणी शिकवून येत नाही.

पुढच्याच वर्षी 'द लॉस्ट बॉइज' आला आणि कोरी फेल्डमनबरोबर त्याची जोडी जमली. 1988 मध्ये 'लायसन्स टू ड्राइव्ह' आला. मासिकांच्या मुखपृष्ठांवर दोन कोरी, मुलींच्या खोल्यांच्या भिंतींवर दोन कोरी. याच काळात मोठ्यांच्या जगाने त्या मुलांचं काय केलं, हे दोघांनीही पुढे जाहीरपणे सांगितलं: लहान वयातले लैंगिक अत्याचार, आणि पोरवयातच हाती आलेली नशा. ज्या वयात त्यांच्याभोवती सर्वांत जास्त माणसं होती, त्याच वयात त्यांना जपणारं कुणी नव्हतं. हे वाचलं की मला अजूनही राग येतो.

आता त्या गुप्तहेर पोराच्या गोष्टीकडे पुन्हा पाहा. पडद्यावरच्या लान्सला कुणी ओळखत नाही आणि त्याला लवकर मोठं व्हायचंय. त्याला साकारणाऱ्या मुलाला सगळं जग ओळखतं आणि तो दहा-बारा वर्षांचा असल्यापासून कमावतोय, करार करतोय, मोठ्यांच्या वेळापत्रकावर जगतोय. जे मोठेपण लान्सला स्वप्नात हवंय, ते हेमला न मागता मिळालं आणि त्याची किंमतही मोजून झाली. आणि आता त्याचा धंदा काय, तर मोठं होण्याची स्वप्नं पाहणारा मुलगा दाखवणं. 1996 सालच्या 'डिमॉलिशन हाय'मध्ये चोवीस वर्षांचा हेम अजून शाळेतच आहे आणि शाळा ताब्यात घेणाऱ्या दहशतवाद्यांशी लढतोय. पुढच्या वर्षी 'डिमॉलिशन युनिव्हर्सिटी' आला, तेव्हा कुठे त्याला कॉलेजात प्रवेश मिळाला. त्याच 1997 साली त्याने दिवाळखोरी जाहीर केली. मालमत्तेच्या यादीत शंभर डॉलर रोख आणि 1987 सालची एक बीएमडब्ल्यू होती.

मागे मढला एका मराठी मालिकेच्या सेटवर काही कामासाठी गेले होते. दिवाणखान्याच्या सेटमागे, दिव्यांच्या उष्ण बाजूला, आठेक वर्षांची एक मुलगी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून गणिताची वही सोडवत होती. केसांत मालिकेतले गजरे, पायांत स्वतःच्या रबरी चपला. आई शेजारी डबा उघडून बसली होती. स्पॉटदादा चहा घेऊन आला, मेकअपदादाने टिकली सरळ केली, असिस्टंटने "शॉट रेडी" म्हणून हाक मारली, आणि हे तिघेही तिला मालिकेतल्या नावाने बोलावत होते. सगळे मायेने वागत होते. ती उठली, वहीत पेन्सिल खूण म्हणून ठेवली, चपला काढल्या आणि दिव्यात जाऊन पहिल्याच टेकला ढसाढसा रडली. "कट" ऐकल्यावर डोळे पुसून परत आली आणि भागाकार पुढे सुरू केला. तिच्या कामाची तारीफ चालली होती तेव्हा मला हेमची आठवण झाली. ज्या नावाने आज तिला सगळे ओळखतात, ते नाव मालिकेबरोबर संपणार आहे.

आपल्याकडे याचा कायदा आहे. 2016 च्या बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीने बालकलाकारांना कामाची मुभा ठेवली आणि 2017 च्या नियमांनी तिला चौकट घातली: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. कॅलिफोर्नियात हे शहाणपण जॅकी कूगनमुळे आलं. चॅप्लिनच्या 'द किड'मधला तो पोरगा मोठा झाला तेव्हा लहानपणी कमावलेले लाखो डॉलर आई आणि सावत्र बापाने उडवलेले निघाले. त्याने 1938 साली दावा लावला, हाती आले सव्वा लाखाच्या आसपास डॉलर. 1939 मध्ये कायदा झाला. आज तिथे पंधरा टक्के रक्कम मुलासाठी राखून ठेवावी लागते. हे नियम हवेतच, आणि त्यांची अंमलबजावणी आपल्याकडे आहे त्यापेक्षा कितीतरी कडक हवी. पण पैसा राखता येतो, तसं अठराव्या वर्षानंतरचं काम राखून ठेवता येत नाही. प्रेक्षकांनी ज्या चेहऱ्यावर प्रेम केलं तो चेहरा बदलतो, आणि त्याच प्रेमाची फिर्याद सुरू होते: अरे, किती वेगळा दिसतोस!

महेश कोठारेंची वाट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. 'छोटा जवान' आणि 'राजा और रंक'मधला तो गोड मुलगा मोठा झाला तेव्हा त्याने वकिली करून पाहिली. मग 1985 साली 'धुमधडाका' दिग्दर्शित करून तो स्वतःच्या पायावर उभा राहिला. पुढे 'झपाटलेला'मध्ये इन्स्पेक्टर महेश जाधव झाला, पिस्तूल घेतलं, "डॅम इट" म्हणत खलनायकांमागे धावला. आम्हा सगळ्यांना तो मोठा माणूस म्हणून पटला. त्याने स्वतःसाठी मोठ्या माणसाच्या भूमिका लिहवल्या, कॅमेरा कुठे ठेवायचा ते स्वतः ठरवलं. हेमला कुणी ती खुर्ची दिली नाही, आणि तो ज्या अवस्थेत होता त्यात ती ओढून घेण्याचं बळ त्याच्याकडे नव्हतं.

फेब्रुवारी 2008 मध्ये त्याने 'व्हरायटी' या चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकात स्वतःची जाहिरात दिली. मी परत आलोय, कामाला तयार आहे, झालेलं निस्तरायला तयार आहे, असा तिचा आशय. लोकांनी ती कीव करत वाचली. मला त्यात एक कामगार दिसतो. लहानपणापासून एकच कसब शिकलेला माणूस, आपल्या धंद्याच्या दारात उभा राहून, हे काम मला येतं, असं सांगतोय. मार्च 2010 मध्ये तो अडतीसाव्या वर्षी गेला. पहिल्या दिवसापासून बातम्यांनी नशेचा अतिरेक गृहीत धरला. शवचिकित्सेत कारण न्यूमोनिया निघालं. पुढच्या वर्षीच्या ऑस्कर सोहळ्यात दिवंगतांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

पण त्या जाहिरातीनंतर एक काम मिळालं होतं. 2009 च्या 'क्रँक: हाय व्होल्टेज'मध्ये त्याची छोटीशी भूमिका आहे. मागे लांब वाढवलेले केस, रांगडा अवतार, रँडी नावाचा एक भडक माणूस. पडद्यावर तो थोडाच वेळ असतो, आणि पहिल्या प्रसंगापासून लक्ष वेधून घेतो. तिरपं हसू तेच, फक्त त्याखाली आता सदतीस वर्षांचा जडावलेला चेहरा आहे आणि तो लपवायची त्याला गरज पडत नाही. शाळेचं दप्तर नाही, जगाला वाचवायचं नाही. चित्रपटाने त्याच्याकडून त्याच्या वयाचा माणूस मागितला आणि तो त्याने लगेच दिला.